३३/११ केव्ही उपकेंद्राचं अर्थिंग आणि अर्थ फॉल्ट संरक्षण: नागपूर परिसरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कामठी या भागांतल्या कारखान्यांचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर, यार्ड (उपकेंद्राचं उघडं आवार) उभारणारे ठेकेदार आणि पाळीवरचे ऑपरेटर यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेब उदाहरणादाखल आहेत. आपल्या यार्डाचा फॉल्ट करंट, मातीचा रोध आणि सीटीचे (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) रेशो घालून ते पुन्हा करावेत.

अर्थिंगचा रोध १ ओहमच्या खाली आला, म्हणजे यार्ड सुरक्षित झालं का?

नाही. सर्वात जास्त गैरसमज याच आकड्याभोवती आहे. समजा यार्डात ३३ केव्हीच्या बाजूला अर्थ फॉल्ट (चालू तार जमिनीला किंवा स्ट्रक्चरला लागणं) झाला. त्या करंटला परत जायचं असतं ते दूरच्या १३२ केव्ही उपकेंद्रातल्या न्यूट्रलकडे (ट्रान्सफॉर्मरच्या तिन्ही फेज मिळतात त्या बिंदूकडे), आणि वाट मातीतून. ३,००० अँपिअर करंट ०.५ ओहमच्या अर्थमॅटमधून (जमिनीत गाडलेल्या पट्ट्यांच्या जाळीतून) मातीत उतरला की सगळं यार्ड दूरच्या जमिनीच्या तुलनेत १,५०० व्होल्टवर जातं. मीटरवर मात्र अर्ध्या ओहमचं झकास रीडिंग दिसत असतं.

यार्डात उभ्या माणसाला हे सगळे १,५०० व्होल्ट बसत नाहीत. त्याचा हात स्ट्रक्चरला आणि पाय जमिनीवर असतात, त्या दोन जागांमधला फरक त्याच्या अंगातून जातो. तो फरक अर्थमॅटच्या पट्ट्या किती जवळ आहेत, पायाखाली काय पसरलं आहे आणि ब्रेकर किती वेळात उघडतो, यावर ठरतो. म्हणून अर्थमॅट आणि रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणारं उपकरण) यांचा हिशेब एकत्रच करायचा. ठेकेदाराने मॅट टाकून जायचं आणि रिलेवाल्याने नंतर येऊन मनाला येईल ती वेळ लावायची, ही पद्धत धोक्याची आहे.

११ केव्हीच्या बाजूचा फॉल्ट यार्डातच झाला तरी जमिनीचा व्होल्टेज एवढाच चढतो का?

बहुतेक वेळा नाही. ११ केव्हीचा न्यूट्रल त्याच यार्डात असतो, त्यामुळे करंट मॅटच्या पट्ट्यांमधून फिरून थेट न्यूट्रलला पोचतो आणि मातीत फारसा उतरत नाही. ११ केव्हीचा फीडर (बाहेर जाणारी लाइन) दोन-चार किलोमीटरवर तुटून जमिनीला लागला, तर मात्र करंट मातीतून परत येतो आणि यार्डाचा व्होल्टेज चढतो. मॅटचा हिशेब करताना ३३ केव्हीचा यार्डातला फॉल्ट आणि ११ केव्हीचा बाहेरचा फॉल्ट, दोन्ही तपासायचे आणि जो जड पडेल तो धरायचा.

यार्डात गिट्टी कशाला? गवत उगवू नये म्हणून?

गवत आणि तेलाची आग हे दुय्यम फायदे. गिट्टी पायाखाली रोध म्हणून काम करते. आयईईई ८० (उपकेंद्रांच्या अर्थिंगचं मार्गदर्शक मानक) मधल्या सूत्राने ५० किलो वजनाच्या माणसासाठी हिशेब करू. ५० ओहम-मीटरची उघडी माती आणि फॉल्ट तुटायला ०.५ सेकंद, तर सहन होणारा स्पर्श व्होल्टेज (हात आणि पाय यांच्या जागांमधला फरक) सुमारे १७६ व्होल्ट. त्याच जागी ३,००० ओहम-मीटरच्या गिट्टीचा १०० मिमी थर टाकला, की तो सुमारे ६७७ व्होल्टवर जातो. म्हणजे जवळजवळ चौपट.

हा फायदा थर स्वच्छ असेपर्यंतच. दोन पावसाळ्यांत काळी माती वर येऊन गिट्टीत मिसळते, टँकर आणि क्रेन फिरून गिट्टी खाली दबते. हाताने उकरून पाहा. ५० मिमीवरच चिखल लागला तर थर पुन्हा चाळून घालावा लागेल. मुरूम किंवा खडीचा चुरा गिट्टीऐवजी चालत नाही, तो पाणी धरून ठेवतो.

आणि वेळ: ट्रिप व्हायला ०.५ ऐवजी १ सेकंद लागला तर मर्यादा २ च्या वर्गमुळाने भागली जाते. ६७७ चे ४७९ होतात.

नागपूरच्या जमिनीत नेमकी अडचण कोणती?

एकच नागपूर, पण जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला हिंगणा-वाडीकडे दख्खनचा बेसॉल्ट, वर काळी माती आणि काही ठिकाणी थोड्याच खोलीवर खडक. पूर्वेकडे जुना नाइस खडक, कामठीकडे वालुकाश्म. शेजारच्या कारखान्याचं डिझाइन उचलून आपल्याकडे वापरू नका, यामागचं कारण हेच.

काळ्या मातीची खोड वेगळीच. पावसाळ्यात ओली असताना तिचा रोध फार कमी असतो, अगदी १० ओहम-मीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की ती आकसते, भेगा पडतात आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थ रॉडपासून सुटते. मग रॉडभोवती हवेची फट राहते. सप्टेंबरमध्ये १ ओहम दाखवणारा पिट (रॉड पुरलेला खड्डा) मेमध्ये कित्येक पट दाखवू शकतो. म्हणून डिझाइन उन्हाळ्याच्या रीडिंगवर करायचं. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी पिटात दहा बादल्या पाणी ओतून रजिस्टर सुंदर करण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. तिने फक्त रजिस्टर सुरक्षित होतं.

मातीचा रोध वेनर पद्धतीने चार खुंट्या एका रेषेत ठोकून मोजा: २ × ३.१४ × अंतर × मीटरचं रीडिंग. २ मीटर अंतरावर ४ ओहम आले तर सुमारे ५० ओहम-मीटर. अंतर १, २, ५, १० मीटर असं वाढवत न्या. अंतर वाढवल्यावर आकडा एकदम चढला, तर खाली खडक आहे असं समजा.

रॉड जाड घ्यावा की लांब?

लांब. ५० ओहम-मीटर मातीत ४० मिमी व्यासाचा ३ मीटर पाइप साधारण १५ ओहम देतो. व्यास दुप्पट केला तर रोध जेमतेम १२ टक्के उतरतो. लांबी दुप्पट केली तर तो निम्म्याच्या जवळ येतो, शिवाय टोक भेगांच्या थराखाली, ओलाव्यात जातं. दोन पिटांत निदान रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. ३ मीटरच्या रॉडना ६ मीटर. जवळजवळ ठोकलेले आठ रॉड चार रॉडांइतकंच काम करतात आणि बिल आठांचं येतं.

उपकेंद्रात खरं काम पिट नव्हे, आडवी मॅट करते. ४० × ५० मीटरच्या यार्डात ६०० मिमी खोलीवर एकूण १,००० मीटर पट्टी गाडली, तर ५० ओहम-मीटर मातीत मॅटचा रोध सुमारे ०.५५ ओहम येतो. त्यातले जवळजवळ ०.५ ओहम निव्वळ क्षेत्रफळावर ठरतात. पट्टी दुप्पट गाडून रोध फारसा हलत नाही, मात्र जाळीचे चौकोन लहान होऊन स्पर्श व्होल्टेज उतरतो. पैसे त्यासाठी घालायचे. खडक लागला तर बोअर मारून रॉड खोल न्या आणि भोवती बेंटोनाइटचा रबडा भरा.

मीठ-कोळसा घालावा की केमिकल अर्थिंग?

मीठ पहिल्या पावसात वाहायला लागतं आणि राहतं तेवढं पाइप खातं. नव्या कामात ते टाळलेलं बरं. बेंटोनाइट चांगलं, पण तीही फुगणारी-आकसणारी चिकणमातीच, काळ्या मातीच्याच जातीची. वरचा मीटरभर भाग पूर्ण कोरडा झाला तर तीही आकसते. कार्बनयुक्त कंपाउंड पाण्यावर कमी अवलंबून असतं. कंपाउंड कोणतंही असो, ते फक्त रॉडजवळच्या थोड्या मातीची जागा घेतं. पुढची सगळी माती तीच राहते, त्यामुळे "हमखास १ ओहम" या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा.

५० × ६ मिमीची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी पुरते का?

अनेक ठिकाणी तीच टाकलेली दिसते. आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे पोलादाला १ सेकंदासाठी दर चौरस मिमी ८० अँपिअर आणि ३ सेकंदांसाठी ४६ अँपिअर धरतात. फॉल्ट करंट २५ किलोअँपिअर आणि वेळ १ सेकंद असेल, तर २५,००० भागिले ८०, म्हणजे ३१३ चौरस मिमी. ५० × ६ चे ३०० होतात, म्हणजे गंजाची भर धरण्याआधीच पट्टी कमी पडली. ३ सेकंदांच्या हिशेबाने ५४३ चौरस मिमी लागतात, तिथे ७५ × १० घ्यावी. तुमची खरी फॉल्ट लेव्हल कमी असेल तर ५० × ६ चालेलही, पण आधी वीजपुरवठादाराकडून तो आकडा लेखी घ्या.

जोडाला वेल्डिंग करा, पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट ओव्हरलॅप ठेवा, वेल्डवर बिटुमेन लावा. जमिनीखाली नटबोल्ट नको. तांबं आणि जीआय थेट भिडवलं तर जीआय लवकर संपतं. सर्वात आधी सडते ती पट्टी जमिनीतून बाहेर येते ती जागा, वर-खाली १५० मिमी. दर दोन-तीन वर्षांनी तेवढाच भाग उकरून पाहिला तरी पुष्कळ कळतं.

मोजणी कशी करावी? क्लॅम्प मीटर चालतो का?

क्लॅम्प मीटर बंद वळणाचा रोध मोजतो. मॅटला जोडलेल्या पिटावर तो लावला की पिट, मॅट आणि जोडणी असं सगळं वळण मिळून काहीतरी छोटा आकडा येतो. त्यातून जोडणी शाबूत आहे एवढं कळतं, मॅटचा रोध कळत नाही.

मॅटसाठी करंटची खुंटी यार्डाच्या कर्णाच्या पाचपट दूर लागते. ४० × ५० मीटरचा कर्ण ६४ मीटर, म्हणजे ३२० मीटर. व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठेवा, मग थोडी मागे-पुढे सरकवून पाहा. रीडिंग सपाट राहिलं तरच ते खरं. एमआयडीसीत ३२० मीटर मोकळी जागा मिळत नाही, मग रस्त्याकडेने तार न्यावी लागते. तार पाण्याच्या लोखंडी पाइपला किंवा दुसऱ्या यार्डाच्या कुंपणाला समांतर नेऊ नका. मोजणी दरवर्षी, मेमध्ये, कोरड्या दिवशी.

चालू ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलची पट्टी मोजणीसाठी कधीही सोडू नका. दुसरा पिट जोडलेला आहे असं नकाशात असतं, जागेवर तो तुटलेला असू शकतो.

न्यूट्रलचा पिट बॉडीच्या पिटापासून वेगळा ठेवायचा ना?

न्यूट्रलला दोन स्वतंत्र जोडण्या, बॉडीलाही दोन, हे बरोबर. पण उपकेंद्रात हे सगळे पिट खाली मॅटला जोडलेलेच हवेत. न्यूट्रल खरोखर वेगळा ठेवला, तर यार्डातल्या ११ केव्ही फॉल्टचा करंट मातीतून जायला भाग पडतो, आणि वर सांगितलेला न्यूट्रल जवळ असण्याचा फायदा गेला. लाइटनिंग अरेस्टरची (विजेचा झटका जमिनीत नेणाऱ्या उपकरणाची) खाली येणारी पट्टी सरळ आणि आखूड ठेवा. आयसोलेटरच्या (लाइन उघडी दिसेल अशी वेगळी करणाऱ्या स्विचच्या) हँडलखाली ऑपरेटर उभा राहतो तिथे वेगळी छोटी जाळी घालून ती हँडललाच जोडा.

न्यूट्रलमध्ये रेझिस्टर कधी लावायचा?

कारखान्यात ११ केव्हीच्या मोटरी किंवा जनरेटर असतील तर विचार करा. गाभ्याचं पत्रं जळू नये म्हणून फॉल्ट करंट आवरायचा असतो. ११ केव्हीचा फेज व्होल्टेज ६,३५० आहे. ४०० अँपिअरवर आवरायचं तर १५.९ ओहम, सहसा १० सेकंदांसाठी.

दोन गोष्टी विसरल्या जातात. रेझिस्टरची ग्रिड आतून तुटली तर सिस्टिम न्यूट्रलविना तरंगते, अर्थ फॉल्ट रिले गप्प बसतात आणि निरोगी फेजांवर पूर्ण ११ केव्ही येतं. म्हणून तुटल्याची सूचना देणारी व्यवस्था लावा. दुसरं, केबल आणि अरेस्टर त्या वाढीव व्होल्टेजला पुरणारे हवेत.

अर्थ फॉल्ट रिलेची सेटिंग काय ठेवावी?

सुरुवातीला सीटीच्या २० टक्के धरा. ११ केव्ही फीडरची सीटी ४००/१ असेल तर ८० अँपिअर. नॉर्मल इन्व्हर्स वक्रावर (करंट जितका मोठा तितकी वेळ कमी) १,६०० अँपिअरचा फॉल्ट म्हणजे सेटिंगच्या २० पट. टाइम मल्टिप्लायर (वेळेचा गुणक) १ असताना २.२७ सेकंद, ०.१ असताना ०.२३ सेकंद. आता ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधला स्टँडबाय रिले (फीडरचा रिले चुकला तर काम करणारा): सीटी ६००/१, २० टक्के म्हणजे १२० अँपिअर, फॉल्ट १३.३ पट. मल्टिप्लायर ०.२ ठेवला तर ०.५३ सेकंद. दोघांत ०.३ सेकंदांचं अंतर राहिलं. न्यूमेरिकल रिलेंना तेवढं पुरतं, जुन्या चकतीच्या रिलेंना ०.४ ठेवा.

फीडर रिले विनाकारण ट्रिप देत असेल, तर सेटिंग वाढवण्याआधी सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) पाहा. तीनपैकी एक सीटी उलटी असेल तर शिल्लक करंट लोडच्या दुप्पट दिसतो. लोड १०० अँपिअर, रिलेला २००. एक सीटी शॉर्ट राहिली असेल तर लोडइतकाच. रिलेच्या डिस्प्लेवर हे सरळ वाचता येतं, पण पाहतंय कोण.

ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच ३३ केव्हीचा अर्थ फॉल्ट रिले ट्रिप देतो. का?

चार्जिंगच्या झटक्यात तिन्ही फेजचे करंट असमान असतात, त्यात डीसी मिसळलेला. सीटी वेगवेगळ्या प्रमाणात सॅच्युरेट होतात (गाभा चुंबकत्वाने भरून करंट चुकीचा दाखवतात) आणि बेरीज शून्य येत नाही. ३३ केव्हीची बाजू डेल्टा (तीन वाइंडिंग त्रिकोणात, न्यूट्रल नाही) असल्याने खरा अर्थ करंट तिथे नसतोच, हा खोटा. दुसऱ्या हार्मोनिकवर ब्लॉक लावा, किंवा रिलेच्या वाटेत स्टॅबिलायझिंग रेझिस्टर घाला. थेट सेटिंग तिप्पट करणं हा शेवटचा उपाय, आणि तो बहुतेक ठिकाणी पहिला केला जातो.

४३३ व्होल्टच्या बाजूचा अर्थ फॉल्ट ११ केव्हीच्या रिलेला का दिसत नाही?

डीवायएन११ ट्रान्सफॉर्मरमध्ये (११ केव्ही बाजू डेल्टा, ४३३ व्होल्ट बाजू स्टार) एलटीचा, म्हणजे ४३३ व्होल्ट बाजूचा, अर्थ फॉल्ट डेल्टा बाजूला दोन फेजांतल्या करंटसारखा दिसतो. तिन्हींची बेरीज शून्य. म्हणून एलटी न्यूट्रलमध्ये स्वतंत्र सीटी आणि रिले हवा. याचा फायदाही आहे: ११ केव्हीच्या अर्थ फॉल्ट रिलेला एलटीसाठी थांबायची गरज नाही, त्याची वेळ अगदी कमी ठेवता येते.

कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही फेजना एकत्र वेढणारी) लावली, तरी केबलचा फॉल्ट पकडला नाही.

केबलच्या स्क्रीनची (आतल्या धातूच्या आवरणाची) अर्थ वायर तपासा. स्क्रीनसह केबल सीटीतून गेली असेल आणि स्क्रीन त्यापलीकडे, टर्मिनेशनपाशी अर्थ केली असेल, तर ती अर्थ वायर सीटीतून उलटी परत आणून मगच अर्थ पट्टीला लावायची. तसं केलं नाही तर फॉल्ट करंट आत एकदा फेजमधून आणि परत स्क्रीनमधून जातो. सीटीला बेरीज शून्य. स्क्रीन सीटीच्या अलीकडेच, केबलच्या बाजूला अर्थ केली असेल तर वायर आत घ्यायची नाही. ग्लँड प्लेटपासून ग्लँड इन्सुलेटेड हवी, नाहीतर वायर बरोबर नेऊनही करंट पत्र्यातून निघून जातो.

रेस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्टची चाचणी प्रत्यक्ष कशी करायची?

हे संरक्षण फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधला अर्थ फॉल्ट पकडतं, बाहेरच्या फॉल्टला गप्प राहायला हवं. आधी हिशेब. १० एमव्हीए, ३३/११ केव्ही, इम्पीडन्स ८.३५ टक्के, ११ केव्हीचा पूर्ण लोड ५२५ अँपिअर, आरपार फॉल्ट सुमारे ६,२९० अँपिअर. सीटी ६००/१ तर दुय्यम बाजूला १०.५ अँपिअर. सीटीचा रोध ३ ओहम, एका दिशेच्या वायरचा १ ओहम धरला तर स्थिरतेचा व्होल्टेज १०.५ गुणिले ५, साधारण ५२ व्होल्ट. सीटीचा नी पॉइंट (सॅच्युरेट व्हायला लागते तो व्होल्टेज) त्याच्या दुप्पट, निदान १०५ व्होल्ट. रिले ०.१ अँपिअरवर असेल तर रेझिस्टर ५२० ओहमच्या आसपास, सोबत मेट्रोसिल (जास्तीचा व्होल्टेज आवरणारा रोध).

जागेवर: ३३ केव्ही बाजूला ४१५ व्होल्ट तीन फेज द्या. ११ केव्हीच्या एका फेजला सीटीच्या पलीकडे अर्थशी शॉर्ट करा. त्या फेजमधून आणि न्यूट्रलमधून सुमारे ७९ अँपिअर वाहतील, दुय्यम बाजूला १३२ मिलिअँपिअर. रिलेच्या वाटेत जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. २६० मिलिअँपिअरच्या पुढे दिसलं तर न्यूट्रल सीटी उलटी आहे. ही चाचणी न करता चार्ज केलेला ट्रान्सफॉर्मर बाहेरच्या पहिल्याच मोठ्या फॉल्टला विनाकारण ट्रिप होतो आणि मग कुणीतरी रिलेची लिंक काढून ठेवतं.

न्यूट्रलमध्ये ४०० अँपिअरचा रेझिस्टर असेल आणि रिले प्रायमरीच्या ६० अँपिअरवर उठत असेल, तर न्यूट्रलजवळची १५ टक्के वाइंडिंग संरक्षणाविना राहते. तेवढ्यासाठी स्टँडबाय रिले.

तार तुटून रस्त्यावर पडली तरी फीडर चालूच राहिला. रिले खराब होता का?

कदाचित नव्हता. मेमधल्या कोरड्या मुरमावर किंवा डांबरावर पडलेल्या ११ केव्ही तारेतून काही अँपिअरच जातात, तुमची सेटिंग ८० ची. लोडकडचं टोक पडलं तर पुढच्या ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टातून उलटा, आणखी कमी करंट येतो. सेन्सिटिव्ह अर्थ फॉल्ट रिले काही प्रमाणात मदत करतो, असमान फेज करंट पाहणारं संरक्षण थोडं आणखी. सगळे प्रसंग पकडणारं सेटिंग नाही. म्हणून एका फेजचा लोड अचानक उतरला तर ऑपरेटरने फीडर हाताने उघडावा, परवानगीची वाट पाहत बसू नये, असं लेखी ठरवून ठेवा.

पहिल्या पावसात ट्रिपिंग एवढं का वाढतं?

चार महिन्यांची धूळ आणि कारखान्यांची काजळी पिन इन्सुलेटरवर बसलेली असते; ती नुसती भिजते, धुतली जात नाही. उन्हात तडकलेले इन्सुलेटर आणि केबल जॉइंटमध्ये शिरलेलं पाणी यांची भर. जूनच्या आधी इन्सुलेटर पुसून घ्या. भुयारी केबलचा फीडर अर्थ फॉल्टवर उघडला तर पुन्हा चालू करून पाहू नका. ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, तुकडे करून शोधा. प्रत्येक रीक्लोज जॉइंटमधलं भोक मोठं करतो.

रिलेचा झेंडा (ट्रिप दिल्याची खूण) पडला, ब्रेकर मात्र उघडला नाही.

बॅटरी, ट्रिप कॉइल (ब्रेकर उघडणारी), वायरिंग, याच क्रमाने पाहा. चार्जर चालू असताना ३० किंवा ११० व्होल्ट छान दिसतात. चार्जर बंद करून ट्रिप कॉइल खेचली जाते का ते पाहायचं. ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिले नसेल तर लावा. ०.२३ सेकंदांचा सगळा हिशेब एका सडलेल्या सेलवर उभा असतो.

कामाआधी डिस्चार्ज रॉडचा क्रम कोणता?

आयसोलेटर उघडा दिसला पाहिजे, व्होल्टेज डिटेक्टर आधी चालू लाइनवर तपासून मग इथे लावा. नंतर क्लॅम्प आधी अर्थ पट्टीला, मग रॉड तारेला, तिन्ही फेजना. काढताना उलट: आधी तारेकडून, शेवटी अर्थकडून. कामाच्या दोन्ही बाजूंना लावा, कारण एखाद्याचा जनरेटर किंवा छतावरचा सोलर उलटा पुरवठा देऊ शकतो. क्लॅम्प रंगवलेल्या स्ट्रक्चरवर लावू नका. रंग खरवडून, किंवा त्यासाठी सोडलेल्या बोल्टवर.